एक्स्टर्नल कडक होत्या

नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा देऊन आलेल्या मुलीला मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात तो ‘एक्स्टर्नल कोण होतं?’ हा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक कोण होत्या. पेशंट कोणता मिळाला, प्रोसिजर कोणती आली, व्हायव्हात काय विचारलं, हे सगळं मागाहून. निकाल लागला की उत्तरंही ठरलेली असतात. ‘एक्स्टर्नल कडक होत्या.’ ‘माझ्या वाट्याला नेमका न बोलणारा पेशंट आला.’ ‘मॅडमचा माझ्यावर आधीपासूनच राग आहे.’ मानसशास्त्राची चार पुस्तकं वाचलेला माणूस ही वाक्यं ऐकली की लगेच निदान करतो. या मुलींना आपली सूत्रं दुसऱ्याच कुणाच्या हातात आहेत असं वाटतं, म्हणून त्यांचा अभ्यासातला आत्मविश्वास कमी पडतो, असं ते निदान. उपचारही तयार असतो: व्यक्तिमत्त्व विकासाचं एकदिवसीय शिबिर, बाहेरून बोलावलेला प्रेरक वक्ता, आणि व्यासपीठामागे ‘यश तुमच्याच हाती’ असं छापलेला फ्लेक्स.

निदान निम्मं बरोबर आहे. औषध मात्र चुकीच्या पेशंटला दिलं जातंय, असं माझं म्हणणं आहे.

आधी बरोबर असलेलं निम्मं पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली एक साधी पण दूरवर पोचलेली कल्पना मांडली. आपल्या बाबतीत जे घडतं ते आपल्या करण्यामुळे घडतं असं काहींना वाटतं. काहींना ते नशिबाने, योगायोगाने किंवा बड्या माणसांच्या मर्जीने घडतं असं वाटतं. पहिल्यांचं ‘नियंत्रणस्थान’ आतलं, दुसऱ्यांचं बाहेरचं. हा कल मोजायला त्यांनी विधानांच्या २९ जोड्यांची चाचणी तयार केली. त्याच वर्षी जेम्स कोलमन यांचा अमेरिकेतल्या शाळांवरचा प्रचंड अहवाल आला. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत ‘माझ्या हातात काही आहे’ ही भावना त्यांच्या गुणांशी जितकी जोडलेली दिसली, तितकी शाळेची कोणतीच सोयसुविधा जोडलेली दिसली नाही. तेव्हापासून हा संबंध ठिकठिकाणी तपासला जातो आहे, आणि नर्सिंगचे विद्यार्थी हे त्यासाठी आवडतं गिऱ्हाईक आहेत. वर्गात एकत्र सापडतात, फॉर्म भरून देतात, नाही म्हणत नाहीत.

पण बहुतेक फॉर्म एका महत्त्वाच्या ठिकाणी अडखळतात. ‘माझ्या हातात आहे’ आणि ‘मला जमेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली हा फरक नेमका दाखवला. अभ्यास केला की गुण मिळतात यावर एखाद्या मुलीची पूर्ण श्रद्धा असू शकते, आणि त्याच वेळी तो अभ्यास आपल्याच्याने होणार नाही याचीही तिला खात्री असू शकते. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेली, मराठी शाळेतून आलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिला कुणी नशीबवादी म्हणू शकणार नाही. मेहनतीला फळ असतं हे तिला घरून निघतानाच सांगितलेलं आहे आणि ते तिने मनावर घेतलेलं आहे. म्हणूनच तिची अवस्था सगळ्यांत वाईट होते. जी मुलगी ‘पेपरच कठीण होता’ म्हणते ती रात्री झोपते तरी. हिला वाटतं, सगळं माझ्याच हातात होतं आणि माझ्याच्याने झालं नाही. अशा मुलीला शिबिराला बसवून ‘यश तुमच्याच हाती’ हे आणखी शंभरदा ऐकवलं, तर तिच्या अपराधीपणात भर पडते, आत्मविश्वासात नाही.

दुसरा घोळ ‘बाहेरचं’ या शब्दाखाली काय काय कोंबलं जातं याचा. हॅना लेव्हन्सन यांनी १९७३ साली त्याचे दोन भाग केले: एक नशीब, आणि दुसरा सत्ता हाती असलेली माणसं. आपल्या मुलींच्या वाक्यांना ही चाळणी लावून पाहा. ‘न बोलणारा पेशंट आला’ हे नशीब. ‘मॅडमचा राग आहे’ ही सत्ता. नशिबावर भार टाकणं हा कदाचित मनाचा कल असेल. पण मॅडमच्या हातात अंतर्गत गुण असतात, हजेरी असते, केस बुकावरची सही असते, रजेचा अर्ज असतो. एवढं सगळं ज्या व्यक्तीच्या हातात आहे तिच्या मर्जीचा विचार मुलगी करत असेल, तर त्याला मनाचा दोष म्हणायचं की परिस्थितीचं अचूक वाचन? मला ते वाचनच वाटतं. प्रश्नावली मात्र दोघींनाही एकाच रकान्यात टाकते आणि निष्कर्षात लिहिलं जातं की विद्यार्थिनींचं नियंत्रणस्थान बाह्य आहे, सबब समुपदेशनाची शिफारस.

त्यातून कार्यकारणाचा प्रश्न उरतोच. दोन गोष्टी एकत्र सापडल्या, त्यातली आधीची कोणती? सूत्रं हातात आहेत असं वाटतं म्हणून मुलगी आत्मविश्वासाने अभ्यास करते, की दोन-तीन सेमिस्टर चांगली गेली म्हणून सूत्रं हातात आल्यासारखी वाटतात? एकाच दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मला हे सांगता येत नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांची गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. काही केलं तरी विजेचा झटका चुकत नाही अशा स्थितीत ठेवलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहतात, हे त्यांच्या १९६७च्या प्रयोगांतून दिसलं, आणि ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना जगभर पसरली. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे या दोघांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं हे शिकावं लागत नाही, ते मुळातच असतं. शिकावं लागतं ते नियंत्रण. आपल्या कृतीने काहीतरी बदलतं हा अनुभव मिळाला तरच ते शिकलं जातं. नर्सिंगच्या शिक्षणाकडे पाहताना मला हा बदललेला सिद्धान्त फार मोलाचा वाटतो, कारण तो प्रश्नाचा रोख मुलीच्या मनाकडून तिच्या दिवसाकडे वळवतो. तिच्या दिवसात असा अनुभव कुठे आहे?

दिवस साधारण असा असतो. सकाळी युनिफॉर्ममध्ये वॉर्डात. बेड मेकिंग, टीपीआर, बीपी, नोंदी. एक मुलगी वीस पेशंटचं बीपी घेते, दुसरी सगळ्यांचं तापमान, तिसरी औषधांच्या ट्रॉलीबरोबर फिरते. सरकारी रुग्णालयात स्टाफ कमी असेल तर विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात. खासगी रुग्णालयात पेशंटला हात लावू द्यायलाच लोक बिचकतात, मग ती कोपऱ्यात उभी राहून ‘ऑब्झर्व्ह’ करते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. एखादा माणूस आजारी येतो, तिच्या काळजीने सुधारतो आणि घरी जातो, ही अख्खी साखळी तिच्या वाट्याला क्वचितच येते. पोस्टिंग संपतं, वॉर्ड बदलतो. दुपारी वर्ग, संध्याकाळी हॉस्टेलचं गेट बंद, रात्री केअर प्लॅन लिहायचा.

हे सारं कुठून आलं याचं उत्तर ब्रिटिश मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी १९६०च्या आसपास दिलं होतं. लंडनच्या एका मोठ्या शिकाऊ रुग्णालयात त्यांनी परिचर्येची व्यवस्था तपासली. पेशंटच्या सेवेचा मोठा भार विद्यार्थिनींवरच होता, आणि शिक्षण पुरं न करता निघून जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश होतं. मेन्झीस यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. वेदना, मृत्यू, उघडं शरीर यांच्या सान्निध्यातून येणारी चिंता पेलायला संस्थेने स्वतःभोवती काही सवयी उभ्या केल्या होत्या. कामाचे तुकडे करून एकीला एकच तुकडा देणं. पेशंटला नावाने न ओळखता खाटेच्या किंवा आजाराच्या नावाने ओळखणं. विद्यार्थिनींना सतत एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवणं. प्रत्येक निर्णय वरच्याला विचारणं आणि पुन्हा पुन्हा तपासून घेणं. या सवयींनी चिंता कमी झाली नाहीच, पण विचार करून निर्णय घेण्यातून मिळणारं समाधान हिरावलं गेलं. हे वाचताना ते लंडनचं वर्णन आहे हे मला पानोपानी विसरायला होतं. आपल्याकडच्या वॉर्डात ‘बारा नंबरचं ॲपेंडिक्स’ आजही ऐकू येतं.

शिक्षण संपल्यावरही ही तालीम थांबत नाही. लेनर्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ वर्णन केला. पेशंटला काय हवं हे नर्सला कळलेलं असतं, पण ते तिने अशा बेताने सांगायचं की ती कल्पना डॉक्टरांनाच सुचल्यासारखी वाटली पाहिजे. आपल्याकडच्या अनुभवी सिस्टर यात पारंगत आहेत. ‘सर, मागच्या वेळी तुम्ही या पेशंटला अमुक दिलं होतं ना?’ हे वाक्य म्हणजे पूर्ण तयार सल्ला असतो. विद्यार्थिनी हे पाहते आणि पुस्तकात नसलेला धडा घेते: माहीत असणं चालतं, माहीत आहे असं दिसणं चालत नाही. मग व्हायव्हाला तीच मुलगी उत्तर येत असूनही पुटपुटते, आणि परीक्षक शेरा मारतात की आत्मविश्वास कमी आहे. वर्षभर जो दडवायला शिकवला तो परीक्षेच्या दिवशी दहा मिनिटांत कुठून काढून दाखवायचा?

भाषेचा मुद्दा याच्याशी घट्ट जोडलेला आहे. ग्रामीण विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुलगी वॉर्डात जे करते ते मराठीत करते. ऑपरेशनला घाबरलेल्या आजीला ती समजावते, सुनेला डबा कसा आणायचा ते सांगते, दारू पिऊन आलेल्या नातेवाइकाला वॉर्डाबाहेर काढते. ही सगळी परिचर्याच आहे आणि त्यात ती हुशार आहे. रात्री मात्र तिला हेच ‘नर्सिंग डायग्नोसिस’च्या साच्यात इंग्रजीत लिहायचं असतं. तो साचा अमेरिकेत घडलेला, वाक्यं छापील. ती मागच्या बॅचच्या ताईची फाइल आणते आणि उतरवून काढते. मॅडम सही करतात, कारण सगळ्यांच्या फायली सारख्याच असतात. दिवसभर जे तिने स्वतः केलं त्याला गुण नाहीत. जे दुसऱ्याचं उतरवलं त्याला आहेत. आपल्या कृतीचा आणि फळाचा संबंध तोडायचा याहून खात्रीचा उपाय मला सुचत नाही. अशा मुलीने प्रश्नावलीत ‘गुण मेहनतीवर अवलंबून असतात’ यापुढे खूण केली नाही, तर ती खरं बोलते आहे.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. नर्सिंग करून आखाती देशांत, इंग्लंडमध्ये जाणाऱ्या मुलींना ते लागतं आणि त्यांना ते हवंही असतं. पण आधी मराठीत विचार करून स्वतःचा केअर प्लॅन मांडायचा, मग तो इंग्रजीत न्यायचा, एवढी मुभा पहिल्या वर्षाला द्यायला हरकत काय?

आता उलट बाजू. सगळं काही माझ्या हातात आहे असं मानणारी नर्स ही आदर्श नर्स असते का? मला ती धोकादायक वाटते, मुख्यतः स्वतःसाठी. रात्रपाळीला एकटी नर्स चाळीस पेशंट सांभाळते, सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या शेजारी ठेवलेल्या असतात, चूक होते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली वैद्यकीय चुकांवरच्या गाजलेल्या अहवालात हेच ठासून सांगितलं की बहुतेक चुकांचं मूळ व्यक्तीच्या हलगर्जीपेक्षा व्यवस्थेच्या रचनेत असतं. ज्या मुलीला शिक्षणात ‘सगळी जबाबदारी तुझीच’ एवढंच शिकवलं, ती अशा वेळी एक तर मोडून पडते किंवा चूक लपवते. दोन्ही वाईट. तेव्हा मुलींना ‘आतल्या’ बाजूला ढकलणं हे ध्येयच चुकीचं आहे. कोणती गोष्ट माझ्या हातात आहे, कोणती वॉर्डाच्या रचनेत आहे आणि कोणती खरोखर दैवाधीन आहे, हे नेमकं ओळखता येणं हे ध्येय असायला हवं.

व्यवस्थेला दोष देणारा माणूस हातपाय गाळतो, अशी एक भीती यावर बोलून दाखवली जाते. पॅट्रिशिया ग्युरिन आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली कृष्णवर्णीय तरुणांच्या अभ्यासातून ती खोडली. ‘माझ्या आयुष्यात मी काही करू शकतो’ आणि ‘आमच्या लोकांची अवस्था आमच्याच आळसामुळे आहे’ ही दोन मतं त्यांनी वेगळी काढली. पहिलं मत असलेल्यांना त्याचा उपयोग होत होता. दुसरं मत नाकारणारे, म्हणजे व्यवस्थेकडे बोट दाखवणारे, मुळीच निरुत्साही नव्हते. आपल्याकडचं उदाहरण घ्या. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला, २०१६ साली त्यावर समिती नेमण्याचे आदेश निघाले, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २० हजारांहून कमी पगार असू नये अशी शिफारस झाली. पगार कमी आहे याला आपली लायकी कारण आहे असं मानलं असतं, तर कुणी न्यायालयाची पायरी चढलं असतं का? शिफारशीची अंमलबजावणी किती झाली हे खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग आत्मविश्वास येतो कशाने? बांदुरांनी त्याचे चार स्रोत सांगितले आहेत. स्वतः करून यशस्वी होणं, आपल्यासारख्या कुणाला तरी करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचं प्रोत्साहन, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. या चारांत पहिला सर्वांत बलवान, आणि नुसतं प्रोत्साहन बरंच कमजोर. आपली कॉलेजं खर्च करतात ते नेमकं या कमजोर स्रोतावर.

पहिल्या स्रोताचा पुरावा शोधायला परदेशी जायची गरज नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या ज्या बायकांना आरोग्यसेविका केलं, त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेकजणी दलित होत्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत तिथल्याच जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखायचा आणि पालकांची संमती असेल तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं, इथपर्यंत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. या बायकांचं नियंत्रणस्थान आधी तपासून, ते ‘आतलं’ आहे याची खात्री करून मग इंजेक्शन हातात दिलं गेलं नव्हतं. आधी नेमकं काम दिलं, ते येईपर्यंत शिकवलं, देखरेख ठेवली, आणि बाळ जगलं की ते कुणामुळे जगलं हे साऱ्या गावाला दिसत होतं. दहावी-बारावीही न झालेल्या बाईवर इतका भरवसा टाकता येतो, आणि चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला शेवटच्या वर्षापर्यंत स्वतःच्या नावावर एक पेशंट सलग आठवडाभर देता येत नाही, हे मला पटत नाही.

पेशंट हा काही सरावाचं साधन नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मोकळीक आणि देखरेख बरोबर हव्यात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. तो कागदावर सगळीकडे पाळला जातो. वॉर्डात, सकाळी दहा वाजता, ती शिक्षिका मुलीशेजारी उभी असते की ऑफिसात मान्यतेच्या तपासणीच्या फायली लावत असते, यावर सगळं अवलंबून आहे. यात शिक्षिकांचा दोष कमी आहे; त्यांच्याही हातात फारसं काही ठेवलेलं नसतं, आणि जिच्या हातात काही नाही ती दुसरीच्या हातात काय देणार?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं चित्र प्रत्येक नर्सिंग कॉलेजात असतं, दीप हातात घेतलेलं. १८५९च्या त्यांच्या परिचर्येवरच्या पुस्तकात बारीकसारीक व्यवस्थापनावर एक प्रकरण आहे, ते दीपप्रज्वलनाच्या भाषणांत कधी येत नाही. तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणं म्हणजे जबाबदारी सांभाळणं, असं त्या प्रकरणाचं सार. नियंत्रण ही त्यांच्या दृष्टीने रचनेची बाब होती, मनोधैर्याची नव्हे.

नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना म्हणूनच विनंती आहे. या वर्षीच्या शिबिराचे पैसे वाचवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत एक पेशंट द्या, आणि तिने लिहिलेली नोंद डॉक्टरांच्या राउंडला तिलाच वाचू द्या. उतरवलेल्या केअर प्लॅनवर सही करणं थांबवा. आणि प्रॅक्टिकलला कोणत्या पायरीला किती गुण आहेत, ती यादी परीक्षेच्या महिनाभर आधी नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे एक्स्टर्नल कोण आहेत हे विचारायचं कारण उरणार नाही. याला कुठल्या परिषदेची मंजुरी लागत नाही, आणि खर्च एका झेरॉक्सचा आहे.